ट्रॉली ओढणाऱ्या गाडीचं डिझेल जातं कुठे

अमळनेरला माझा मंडप, साउंड आणि जनरेटरचा धंदा आहे, तेवीस वर्षं झाली. गाडी म्हणाल तर ट्रॅव्हलरची डिलिव्हरी व्हॅन, २.६ लिटरचं डिझेल इंजिन. मागे दोन चाकांची ट्रॉली आणि त्या ट्रॉलीवर २५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर. गावातली जुनी माणसं अजून या गाडीला मॅटाडोरच म्हणतात. ती मॅटाडोर कधीची बंद झाली, पण नाव काही जात नाही.

लग्नसराईत कुणी नवा धंद्यात उतरला की येऊन दोनच गोष्टी विचारतो. ‘भाऊ, ही गाडी किती ओढेल?’ आणि ‘अ‍ॅव्हरेज काय देते?’ मी पंधरा वर्षं दोन्हीची ठोकून उत्तरं देत होतो. ‘काही पण ओढेल’ आणि ‘दहा-अकरा देते’. मग एका वर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी हिशेबाला बसलो, तर डिझेलच्या पावत्या आणि धावलेले किलोमीटर यांचा मेळच बसेना. भागाकार केला तर सातच्या आसपास येत होता. गॅरेजवाला म्हणाला, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर गेले. इंजेक्टर काढले, टेस्टिंगला पाठवले, पैसे दिले. अ‍ॅव्हरेज जागचं हललं नाही. दोष इंजिनात नव्हताच, तो मागे लोंबत होता. तो कसा सापडला ते क्रमाने सांगतो, म्हणजे तुमचे इंजेक्टरचे पैसे तरी वाचतील.

आधी वही

दहा रुपयांची वही घ्या आणि गाडीत ठेवा. मोबाइलमध्ये लिहू म्हणाल तर लिहिणार नाही, मी करून पाहिलंय.

टाकी फुल ते टाकी फुल, हीच पद्धत खरी. पण त्यात पोरं करतात त्या चुका ऐका. एक, पंप दरवेळी वेगळा. एका पंपाचा ओटा डावीकडे कललेला असतो, दुसऱ्याचा उजवीकडे. ७० लिटरच्या पसरट टाकीत तेवढ्याने दोन-तीन लिटरचा फरक सहज पडतो. पंप एकच ठेवा, नोझल एकच ठेवा आणि गाडीचं तोंडही एकाच बाजूला ठेवा. दोन, डिझेलला फेस येतो. नोझल पहिल्यांदा ‘टक्’ करून बंद पडलं की टाकी भरलेली नसते, फेस भरलेला असतो. मिनिटभर थांबा, फेस बसू द्या, पुन्हा हळू भरा आणि दुसऱ्या ‘टक्’ला थांबा. दरवेळी दुसऱ्यालाच. गळ्यापर्यंत भरण्याचा हट्ट नको. जमिनीखालच्या टाकीतलं गार डिझेल गाडीत आलं आणि गाडी मे महिन्यात मंडपाबाहेर उन्हात उभी राहिली की ते फुगतं. ६० लिटरला पंधरा अंशांनी पाऊण लिटर वाढतं. गळ्यापर्यंत भरलेलं असेल तर ते रस्त्यावर जातं.

तीन नंबरची चूक आमच्या धंद्यातली आहे, आणि माझा सगळ्यात मोठा घोळ तिथेच होता. रात्री अकराला जनरेटरचं डिझेल संपत आलं की पोरं काय करतात? गाडीच्या टाकीत नळी घालतात आणि दहा लिटर काढून जनरेटरला देतात. कुणी लिहीत नाही. पावती गाडीच्या नावावर आणि डिझेल प्यायला जनरेटर. त्यात गाडी चालू ठेवून दोघं एसीत झोपलेले असतात. उभ्या उभ्या हे इंजिन तासाला पाऊण-एक लिटर खातं. चार तास झोपले की चाळीस किलोमीटरचं डिझेल गेलं, आणि मीटरवर शून्य. आता जनरेटरचे कॅन वेगळे, त्यांना लाल रंग मारलाय. नळीच घरी ठेवली.

मीटरही तपासा. महामार्गावर किलोमीटरचे दगड असतात, किंवा मोबाइलचा जीपीएस लावा. माझं मीटर १०० दाखवतं तेव्हा गाडी ९७ चाललेली असते. टायर झिजले की मीटर आणखी पुढे पळतं. हे तीन टक्के वजा केल्याशिवाय अ‍ॅव्हरेज कुणाला सांगू नये.

एका टाकीवरून काही ठरवायचं नाही. निदान चार टाक्या लिहा, आणि प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी टाका: ट्रॉली होती की नव्हती, रस्ता कोणता, वारा कुठला. वारा कशाला, म्हणून माझा भाचा हसला होता. साक्रीकडे निघालं की ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. जूनमध्ये त्या गरगरत असल्या आणि तुम्ही पश्चिमेकडे निघाला असाल, तर समजा की गाडी साठने चाललीय पण हवेच्या हिशेबाने ऐंशीने चाललीय. येताना तोच वारा पाठ ढकलतो. म्हणून मोजायचं ते जाऊन-येऊन मोजायचं. मी पारोळ्याला महामार्गाला लागतो, धुळ्यापर्यंत जातो आणि परत येतो. बारा महिने तोच पट्टा.

मग भुईकाटा

‘किती ओढेल’ याचं पहिलं उत्तर इंजिनात नसतं, भुईकाट्यावर असतं. खान्देशात कापसाची कृपा आहे, कुठल्याही गावाबाहेर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, असते आणि जिनिंगला काटा असतो. सीझन सोडून सकाळी गेलात तर कुणी नाही म्हणत नाही. कापसाच्या दिवसांत मात्र ट्रॅक्टरांच्या रांगेत उभं राहावं लागेल.

वजन तीनदा करा. पहिलं, ट्रॉली सोडून गाडी एकटी, पण रोजचं सामान आणि रोजची माणसं आत. दुसरं, ट्रॉली हुकाला लावलेली, पण काट्यावर फक्त गाडी, ट्रॉलीची चाकं काट्याच्या बाहेर. तिसरं, सगळंच काट्यावर. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रॉलीचं वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रॉलीची दांडी तुमच्या हुकावर किती बसते ते कळतं. हा दुसरा आकडा कुणीच काढत नाही, आणि सगळी गंमत त्याच्यात आहे.

माझी गाडी भरली ३२१० किलो. सगळं मिळून ४६००. म्हणजे ट्रॉली १३९०. मी इतकी वर्षं ती हजारची समजत होतो. आणि दांडीचा आकडा आला फक्त २५ किलो.

हा आकडा पाहून मला आप्पा आठवले. आमच्याकडे बैलगाडी होती. कापूस भरताना आप्पा जुवाला हात लावून उचलून पाहायचे. मागे जास्त भरला की दांडी वर उचलायची, बैलांच्या मानेवर जू ठरायचं नाही. मग ओरडायचे, ‘गाडी उलाय व्हई गयी, पुढे सरकाड!’ गाडी उलाळ झाली की बैल बिचकतात. पुढे जास्त भरलं तर जू मानेत रुततं, बैल दमतात. म्हणजे मानेवर थोडं वजन हवंच, पण थोडंच. ट्रॉलीचंही तेच आहे. दोन चाकांच्या ट्रॉलीला दांडीवर तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं वजन असावं. १३९० ला साधारण १४०. माझं होतं २५.

उलाळ ट्रॉली काय करते ते मी त्याआधी लळिंग घाटात पाहिलं होतं, तेव्हा कळलं नव्हतं. मालेगावकडून परत येत होतो. रात्रीचे दोन वाजलेले, उतार आणि वेग पासष्ट-सत्तर. एक ट्रक जोरात बाजूने गेला आणि त्याच्या हवेने ट्रॉली डावीकडे ढकलली गेली. मग उजवीकडे. मग आणखी जोरात डावीकडे. आरशात जनरेटरचा पिवळा डबा कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. गाडीचं मागचं टोक हातातून सुटल्यासारखं झालं. ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे चालला होता, मी ओरडलो, ‘काही करू नको!’ खरं सांगायचं तर मलाही काही सुचलं नव्हतं म्हणून तसं ओरडलो. पण तेच बरोबर निघालं. अशा वेळी ब्रेक जोरात मारायचा नाही, स्टिअरिंग ट्रॉलीच्या उलट फिरवत बसायचं नाही, रेस द्यायची नाही. स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, रेसवरचा पाय काढा आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्या. पन्नासच्या खाली आली तशी ट्रॉली गप झाली. खाली ढाब्यावर थांबलो, चहा सांगितला, तो तसाच गार झाला.

काट्यावरून परतल्यावर दुरुस्ती केली. केबलची पेटी आणि दोन कॅन मिळून नव्वद किलो सामान ट्रॉलीच्या मागच्या टोकाला असायचं, काढायला सोपं म्हणून. ते पुढे आणलं. जनरेटर स्वतः चार इंच पुढे सरकवला, चॅनलला नवीन भोकं पाडून बोल्ट कसले. पुन्हा काट्यावर गेलो. दांडीवर १४०. काटेवाला म्हणाला, रोजच येता का आता?

उलटही करू नका. दांडीवर फार वजन आलं की गाडीचं मागचं टोक बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात पोकळ लागतं आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात. समोरचा डिपर मारायला लागला की समजा. गाडीच्या आतलं जड सामानही, म्हणजे अँप्लिफायरचे रॅक, मागच्या दाराशी न ठेवता मागच्या चाकांच्या पुढे ठेवा. आणि ट्रॉली उभ्या गाडीला लावल्यावर बाजूने पाहा. दांडी जमिनीला समांतर हवी. नाक वर असेल तर हूक खाली घ्या.

सुतळी आणि दोन बोटं

आता डिझेल खरंच कुठे जात होतं ते.

ट्रॉलीचा डावा टायर सहा महिन्यांत गुळगुळीत व्हायचा. उजवा ठीक. मी टायरवाल्याला दोष देत होतो. एक दिवस मंडपाची सुतळी हातात होती आणि काम नव्हतं. सुतळीचं एक टोक ट्रॉलीच्या दांडीच्या कडीत मधोमध बांधलं, ताणून डाव्या चाकाच्या हबच्या मध्यापर्यंत नेलं आणि तिथे गाठ मारली. तीच सुतळी तशीच ताणून उजव्या हबला नेली. गाठ पुढे गेली, दोन बोटं. म्हणजे डावं चाक उजव्यापेक्षा दोन बोटं मागे होतं. अ‍ॅक्सल तिरका. खाली शिरून पाहिलं तर डाव्या पाट्याचा (अ‍ॅक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटलेला, यू-बोल्ट ढिले आणि अ‍ॅक्सल हळूहळू मागे सरकलेला. ट्रॉली सरळ चालतच नव्हती. चाकं एकीकडे फिरायला बघत होती आणि गाडी त्यांना दुसरीकडे फरफटत नेत होती. प्रत्येक किलोमीटरला.

सेंटर बोल्ट, चार यू-बोल्ट आणि मजुरी. इंजेक्टरच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शातही नाही. पुढच्या चार टाक्यांची सरासरी ७.४ वरून ८.२ वर गेली. मी वही दोनदा मोजली.

म्हणून गाडी जास्त पिते असं वाटलं की बॉनेट उघडण्याआधी ट्रॉलीखाली जा. सुतळी लावा. मग ट्रॉली एका बाजूने जॅकवर उचला आणि चाक हाताने फिरवा. सुटल्यावर दोन-तीन फेरे निवांत फिरलं पाहिजे. खरखर आवाज आला किंवा लगेच अडलं तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. रस्त्यावर याची परीक्षा आणखी सोपी: वीस किलोमीटर चालून थांबा आणि दोन्ही हबजवळ हाताची मागची बाजू न्या. कोमट ठीक. एक कोमट आणि दुसरा चटका देत असेल तर तिथे डिझेलची उष्णता होतेय. पावसाळ्यानंतर बेअरिंग उघडून नवीन ग्रीस भरायचं, हे बैलगाडीच्या वंगणाइतकंच जुनं काम आहे.

वेगाचे पैसे

चाकं लोळवायला लागणारा जोर वेग वाढल्याने फारसा वाढत नाही. माझ्या ४६०० किलोला डांबरी सपाट रस्त्यावर तो अंदाजे ५५ किलोचा आहे. हवेचं तसं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ट्रॅव्हलरचं तोंड म्हणजे कपाटच. साठच्या वेगाला हवा अंदाजे ४० किलोने मागे ढकलते, ऐंशीला ७० किलोने. म्हणजे साठला एकूण ९५ आणि ऐंशीला १२५.

माझ्या वहीत, त्याच धुळ्याच्या पट्ट्यावर, ट्रॉलीसकट साठने ८.६ आणि ऐंशीने ७.१. ट्रॉली नसताना भरलेली गाडी साठने १०.९. आता शंभर किलोमीटरचा हिशेब करा. साठने ११.६ लिटर, ऐंशीने १४.१. अडीच लिटर जास्त, डिझेल नव्वदचं धरलं तर सव्वादोनशे रुपये. त्या सव्वादोनशेत वाचली काय तर पंचवीस मिनिटं. नवरदेवाची वरात कुठे वेळेवर निघते? माझ्या ड्रायव्हरला मी हाच हिशेब भिंतीवर लिहून दिला. तरी तो सत्तरने चालवतो. ठीक आहे, मीही त्याच्या वयात होतो.

टपावर कॅरियर असेल आणि लागत नसेल तर उतरवून ठेवा. बांबू आणि झेंडे टपावर बांधून आपण फिरतो, ते हवेच्या आडवे येतात. आमचा कॅरियर चार नटांवर आहे, लग्नसराई संपली की गोठ्यात जातो.

घाट चढताना

सपाट खान्देशात राहून माणसाला चढ विसरायला होतो. चारही बाजूंनी बाहेर पडायचं म्हटलं की मात्र घाट आहेच. चाळीसगावकडून औट्रम घाट, धुळ्याकडून लळिंग, सुरतेच्या वाटेला कोंडाईबारी, शिरपूरच्या वर बिजासन, आणि शहाद्याहून तोरणमाळ. औट्रम हा इंग्रज अधिकारी खान्देशात भिल्लांची पलटण उभी करायला आला होता, १८२५ च्या सुमाराला. घाटाला त्याचं नाव राहिलं. त्याला ट्रॉली ओढावी लागली नाही, एवढंच.

चढाचं गणित असं. वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ असेल तर गाडीच्या एकूण वजनाचा विसावा हिस्सा तुम्हाला मागे ओढतो. ४६०० चा विसावा हिस्सा २३०. सपाटीवरच्या ५५ च्या चौपटीहून जास्त. तीसच्या वेगाने चढायचं तर सगळं मिळून साधारण ३३ हॉर्सपॉवर लागते, पन्नासने चढायचं तर ५८. (एक घोडा म्हणजे ७५ किलो ओझं सेकंदाला एक मीटर वर उचलणं, त्यावरून कुणीही काढू शकतो.) माझ्या इंजिनाची ताकद कागदावर ११५ घोडे. म्हणजे इंजिन ओढतं, त्याला काही होत नाही. ‘काही पण ओढेल’ हे माझं जुनं उत्तर तेवढ्यापुरतं खरं होतं.

पण ते कसं ओढतं हे बघा. या इंजिनाचा जोर मिनिटाला १४०० ते २२०० फेऱ्यांच्या मधे भरलेला असतो. फेऱ्यांचा काटा त्याच्या खाली गेला आणि तुम्ही वरच्या गिअरमध्ये रेस दाबत राहिलात की इंजिन घुरघुरतं, आतून ठोकल्यासारखं थरथरतं, धूर काढतं आणि डिझेल वाया जातं. लोक समजतात वरचा गिअर म्हणजे बचत. सपाटीला खरं आहे, चढाला नाही. काटा १८०० च्या आसपास ठेवा आणि गिअर चढ लागायच्या आधी टाका. चढात अर्ध्यावर गिअर बदलायला गेलात की वेग मरतो, मग हाफ क्लच, मग तो वास. क्लचप्लेटचा तो वास एकदा घेतला की जन्मभर विसरत नाही.

४६०० किलो वजन १०० मीटर वर न्यायला नुसत्या उंचीचं साधारण ४०० मिलिलिटर डिझेल लागतं. ही माझी आवडती आकडेमोड आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला तोरणमाळला गेलो, तर शहाद्याच्या सपाटीपासून हजारेक मीटर उंची. म्हणजे चार लिटर फक्त उंचीचे, रस्त्याचं वेगळं. ऑर्डर घेतानाच ते भाड्यात धरा. घाटाची ऑर्डर सपाटीच्या भावात घेणारे पुढच्या वर्षी दिसत नाहीत.

एसी चढात बंद. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, टर्बो तापलेला असतो, दोन मिनिटं मंद चालू द्या. आणि रेडिएटर. हे खास आपल्याकडचं दुखणं. जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारी रुई आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत नमद्यासारखी बसते. बाहेरून काळी जाळी दिसते, वाटतं स्वच्छ आहे. मागून बॅटरी मारा आणि पुढून बघा, उजेड आला तर ठीक. नसेल तर हवा आतून बाहेर मारा. बाहेरून आत मारली तर रुई आणखी खोल बसते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत चढ चढायचा आहे, फेब्रुवारीतच करून टाका.

आणि उतरताना

ओढायचं दुखणं डिझेलवर भागतं. थांबवायचं नाही भागत. त्याच उतारावर मघाचे २३० किलो आता तुम्हाला पुढून ओढतात. चाकांचा आणि हवेचा विरोध वजा केला तरी दीडशेच्या वर किलो सतत, घाट संपेपर्यंत. तेवढं सगळं ब्रेकवर टाकलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पेडल मऊ लागतं. म्हणून ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ब्रेक अधूनमधून, घट्ट आणि थोडा वेळ. पाय टेकवून बसायचं नाही.

न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे शहाणे अजून भेटतात. त्यांना सांगा: कॉमन रेल इंजिनात, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल मोजून सोडणाऱ्या नव्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना आणि रेसवरून पाय काढलेला असताना इंजेक्टर डिझेल सोडतच नाहीत, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या पोटापुरतं डिझेल प्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त जातं, आणि जीवही.

गावात बनवलेल्या पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. माझ्या पहिल्या ट्रॉलीला नव्हते. ही नवी घेताना दांडी दाबली गेली की आपोआप लागतात तसले ब्रेक असलेलीच घेतली. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ट्रॉली ओढण्याची मर्यादा दिलेली आहे का बघा. दिलेली नसेल तर डीलरकडून लेखी घ्या, तोंडी ‘चालतं साहेब’ कामाचं नाही. ट्रॉलीची स्वतःची नोंदणी आणि विमा असावा. हुकाची पिन, पिनेला क्लिप, आणि दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींवर कैचीसारख्या घेऊन लावलेल्या, म्हणजे पिन निसटली तरी दांडी जमिनीत न घुसता साखळ्यांवर अडते. मागचे दिवे पोरांनी तपासले असं म्हणतात, तरी स्वतः बघा.

टायरची हवा सकाळी गार असताना भरा, ट्रॉलीचीही. लोक ट्रॉलीला विसरतात. दुपारी तापल्यावर तीन-चार पौंड वाढलेली दिसते म्हणून काढायची नाही. तापलेली हवा काढली की दुसऱ्या सकाळी टायर कमी हवेवर लोळतो, तापतो आणि डिझेल खातो. हवा आणि रेडिएटर मिळून माझं ८.२ चं ८.६ झालं. पुढे गेलं नाही. ट्रॉलीसकट नऊ मला अजून दिसलेला नाही.

मागच्या हंगामात एक जण आला. कन्नडच्या पुढे मोठं लग्न, साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर, आणि म्हणाला, तुमची गाडी ओढते ना, माझीच ट्रॉली लावा. जनरेटरच्या प्लेटवर वजन पाहिलं, ट्रॉलीचं धरलं, बेरीज दोन टनांच्या वर गेली. खाली वाकून बघितलं तर ट्रॉलीला ब्रेक नव्हते. औट्रम घाट चढवला असता गाडीने, त्याबद्दल शंका नाही. मी त्याला आयशर ट्रक बोलवायला लावला, हायड्रा क्रेनने जनरेटर वर ठेवला, तिकडे हायड्रानेच उतरवला. भाडं त्याला जड गेलं, तो अजून बोलून दाखवतो. आमची गाडी साउंडचं सामान घेऊन मागून गेली, ट्रॉली घरीच. वहीत त्या फेरीसमोर ९.७ लिहिलंय, आणि पुढे भाच्याच्या अक्षरात: ‘वारा पश्चिमेचा’.